आधी ज्वारीचा भाव विचारा

दुसऱ्याची पोरं सांभाळायची ज्याला हौस असेल, त्याने आधी बाजारात जाऊन ज्वारीचा भाव विचारून यावा. दया, करुणा, सेवा हे सगळं नंतर. हे मत माझं नाही, माझ्या वडिलांचं, म्हणजे दादांचं. आणि ते मांडायचा त्यांना पुरेपूर अधिकार होता, कारण ते स्वतःच दुसऱ्याचं पोर म्हणून वाढले.

आईबाप गेल्यावर त्यांच्या चुलत्याने त्यांना खर्ड्याहून नगरला नेलं आणि अमेरिकन मिशनच्या एका बोर्डिंगच्या दारात उभं केलं. स्वातंत्र्याआधीची गोष्ट. चुलता हात जोडून म्हणाला, "सायेब, पोरगं गुणाचं हाय. खातंबी लई कमी." पुढे दादांनी चौथी भाकरी मागितली की मडमसाहेब हे वाक्य चुलत्याच्याच आवाजात म्हणून दाखवत आणि भाकरी वाढत.

नगर आणि अमेरिकन पाद्री यांचं नातं जुनं, थेट १८३१ पासूनचं. सिंथिया फरार या बाईंनी नगरात मुलींच्या शाळा चालवल्या, त्या पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनाने मुलींच्या शाळेचं घेतलं. वडाळ्याचे फेअरबँकसाहेब पाद्री होते, पण पक्ष्यांच्या इतके मागे लागले की पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याला शास्त्रज्ञांनी त्यांचंच नाव दिलं. रॉबर्ट ह्यूम १८४७ साली मुंबईत जन्मले, अमेरिकेत शिकले आणि १८७४ साली परत आले ते नगरचेच झाले. १८९९-१९०० च्या दुष्काळात लोक गुरांसारखे मरत होते, रस्तोरस्ती पोरं मागे राहत होती. मिशनने ती शेकड्यांनी गोळा केली. त्या कामाबद्दल ह्यूमसाहेबांना सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. योग्यच केलं. फक्त एवढ्या पोरांच्या डोक्यातल्या उवा कुणी काढल्या, हे पदकावर कोरलेलं नसतं.

तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये त्याच सुमारास दीड हजारांहून जास्त माणसं जेवत होती. (केडगाव म्हणजे दौंडजवळचं, नगरच्या वेशीवरचं नव्हे. हा घोटाळा आमच्याकडे कायम होतो. एकदा लग्नाचं अख्खं वऱ्हाड चुकीच्या केडगावला उतरलेलं मी पाहिलंय.) दीड हजार माणसं म्हणजे एका वेळेला भाकरी किती, हा हिशोब दादा आम्हाला तोंडी करायला लावत. उत्तर चुकलं की म्हणत, "तुला बोर्डिंग चालवता यायचं नाही."

दादांच्या बोर्डिंगात हा हिशोब साहेबांना कधीच जमला नाही. साहेब फिरतीला जात. खेड्यात चावडीपुढे उभं राहून बोलत, रात्री कंदिलाच्या उजेडात चित्रं दाखवत आणि परतताना टांग्यात एकदोन पोरं घेऊन येत. कुणाची आई पटकीने गेलेली, कुणाला बापाने टाकलेलं. साहेब टांग्यातून उतरत प्रसन्न चेहऱ्याने, आणि भटारखान्याच्या दारात मावशी उभ्या असत अजिबात प्रसन्न नसलेल्या चेहऱ्याने. या मावशी बोर्डिंगच्या स्वयंपाकीण. एकदा त्या मडमसाहेबांना म्हणाल्या, "बाई, देव पोरं पाठीवतो ते ब्येस. पण एक दिस आधी निरोप धाडायला सांगा त्याला. पीठ दळावं लागतं." मडमसाहेबांनी हे साहेबांना इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी रविवारच्या उपदेशात त्यावर बराच वेळ बोलून घेतलं. पीठ मात्र मावशींनीच दळलं.

शनिवारी न्हाणं. हौदापाशी पोरांची रांग लागे. पहिल्या टोकाला मडमसाहेब, हातात बारीक दातांची लाकडी फणी आणि मांडीवर पांढरं फडकं. पोराचं डोकं खाली वाकवून फणी फिरवायची, फडक्यावर काय पडतंय ते पाहायचं आणि अंगठ्याच्या नखाने तिथेच निकाल लावायचा. दुसऱ्या टोकाला मावशी, गंधकाचं मलम घेऊन. खरूज त्या काळी बोर्डिंगचा कायमचा विद्यार्थी होता, दरवर्षी नापास होऊन तिथेच राहायचा. बोटांच्या बेचक्यांत, कोपरांवर, कमरेच्या करगोट्याखाली पिवळं मलम थापलं की पोरं उन्हात हात पसरून उभी. आणि या रांगेत दोन गोरी पोरंही असत, तितकीच पिवळी. ती साहेबांची. सगळ्यांबरोबर विटीदांडू खेळायची, म्हणून सगळ्यांबरोबर खाजवायची. प्रार्थना इंग्रजीत करायची आणि भांडण नगरी मराठीत. थोरल्याला तर अशा शिव्या येत की वस्तीतली मोठी माणसं त्या नीट ऐकायला थांबत.

या पोरांचं पुढे काय व्हायचं, ते सांगताना दादांचा आवाज जरा बदलायचा. अमेरिकन पाद्र्यांच्या मुलांसाठी १९०१ साली कोडाईकनालला शाळा निघाली होती. सहा-सात वर्षांचं झालं की पोर तिकडे. दौंडला गाडी बदलून, मद्रासच्या बाजूला दोन-तीन दिवसांचा प्रवास. म्हणजे खर्ड्याच्या, जामखेडच्या, पारनेरच्या पोरांना पोटाशी धरायचं आणि पोटच्या पोरांना ट्रंक भरून बोर्डिंगात धाडायचं. दादांना हे गणित भाकरीच्या गणितापेक्षा अवघड वाटे. थोरला जायच्या दिवशी मडमसाहेबांनी त्याच्या डोक्यातून तीनदा फणी फिरवली. तरी एखादी नगरची ऊ कोडाईला पोचलीच असणार, असं मावशींचं मत.

साहेबलोकांच्या घरातले हे हिशोब इंग्रजी पत्रांतून अमेरिकेला गेले. मराठीत असं घर दाखवलं ते लक्ष्मीबाई टिळकांनी, 'स्मृतिचित्रे'त. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक दारी येईल त्याला घरात घेणार, बालकवी ठोंबऱ्यांसारखा कवीही येऊन राहणार, आणि चुलीपुढे लक्ष्मीबाई. साहेबांच्या दिमतीला निदान टांगा आणि खानसामा असे. देशी कुटुंबांचा पगार बेताचा आणि मन साहेबाएवढंच मोठं, त्यामुळे डबा नेहमी आतून वाजायचा. मिशनच्या इतिहासात टिळकांच्या कविता येतात, ते बरोबरच आहे. मला मात्र महिनाअखेरीला त्या घरात डाळ कुठून येत होती, हे जास्त मोठं काव्य वाटतं.

दादांनी हे शिक्षण वाया घालवलं नाही. पुढे मास्तर होऊन खर्ड्याला परतले आणि १९७२ च्या दुष्काळात गावातल्या पोरांना सुकडी वाटायचं काम त्यांच्याकडे आलं. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडत खाल्ली. दादा एकटे तिचा भाव विचारत बसले. फुकट आहे म्हटल्यावर त्यांना फार अस्वस्थ वाटलं. जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे नुकतेच, १९७० मध्ये, येऊन कामाला लागले होते. डॉक्टरबाई पोरांना तपासण्याआधी त्यांच्या पोटात काही आहे का ते बघतात, एवढं कळल्यावर दादांनी त्यांना आपल्या मनात पास करून टाकलं.

बोर्डिंगातलं सर्वांत जड काम कुठलं, असं विचारलं तर दादा सांगत, पत्र लिहिणं. प्रत्येक पोराचा खर्च अमेरिकेतली कुणीतरी मंडळी उचलायची आणि वर्षातून दोनदा पोराने तिकडे पत्र धाडायचं. दादांची मंडळी ओहायोची. 'मी बरा आहे, तुम्ही बरे असा' यानंतर लिहायचं काय? पोरं पेन्सिली चावत बसत. मडमसाहेब म्हणाल्या, "तुमच्या गावाची काही बातमी लिहा." दादांनी लिहिलं : आमच्या खर्ड्याला मोठी लढाई झाली. निजाम हरला आणि किल्ल्यात शिरून बसला. मराठे जिंकले. बाकी विशेष काही नाही.

बातमी सोळा आणे खरी होती, फक्त ११ मार्च १७९५ ची होती. सनावळी दादांनी घातली नाही, आणि एका रात्रीत कंदिलापुढे बसून चाळीस पत्रांचं इंग्रजी करणाऱ्या बाईंच्या ते लक्षात आलं नाही. शिवाय निजाम तेव्हा हैदराबादेत जिवंत होता आणि खर्ड्याच्या पुढे त्याचीच हद्द लागत होती, त्यामुळे ओहायोकरांनी नकाशा काढून पाहिला असेल तर त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं.

चार महिन्यांनी बोटीने भलं मोठं खोकं आलं. आत मंडळीतल्या बायकांनी हाताने गुंडाळलेली बँडेजं, खचाखच. सोबत पत्र : जखमींसाठी आम्ही रोज प्रार्थना करतो, किल्ला मोकळा झाला का ते कळवावे.

साहेब तासभर खोलीबाहेर आले नाहीत. मडमसाहेब हसतायत की रडतायत, हे पोरांना कळेना. मावशींनी एक गुंडाळी सोडून ताणून पाहिली, पोत चांगला आहे म्हणाल्या आणि नाताळच्या श्रीखंडाचा चक्का त्यात बांधून खुंटीला टांगला. दादांना खुलासा लिहायला बसवलं. त्यांनी लिहिलं : निजाम हैदराबादला परत गेला. सर्व जखमी आता बरे आहेत. पुढच्या वेळी बँडेजऐवजी गूळ पाठवला तरी चालेल.