शुड-हॅव-बीनचं माहेरघर

पुणे हे विद्येचं माहेरघर आहे ही समजूत फार जुनी. ती मोडण्याचा माझा हेतू नाही. पण इंग्रजी व्याकरणातल्या एका खास विद्येपुरतं हे माहेरघर शहरातून हलवून तळेगावच्या पलीकडे, इंद्रायणीकाठच्या आंबीला न्यावं अशी माझी नम्र सूचना आहे. ही विद्या म्हणजे ॲडव्हान्स्ड मोडल्स. शुड हॅव, कुड हॅव, माइट हॅव, वुड हॅव, नीडन्ट हॅव आणि त्यांच्या शेपटाला 'बीन' बांधून तयार होणारा सगळा गोतावळा.

साधे मोडल्स कुणालाही येतात. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. मोरे सर इथलेच, पिंपरी-चिंचवडचे. तेव्हापासून वर्गाच्या दारात उभं राहून 'मे आय कम इन' विचारणारी पिढी तयार झाली. बोर्डाच्या परीक्षेत मोडल ऑक्झिलरी ओळखून त्याचं कार्य लिहायचं असतं. मस्ट म्हणजे सक्ती, मे म्हणजे परवानगी नाहीतर शक्यता. पोरं लिहितात, गुण मिळतात, विषय संपतो. खरं दुःख पुढे आहे. व्यवहार मस्ट आणि मे यांच्यावर चालत नाही, तो 'शुड हॅव बीन'वर चालतो, आणि ते कुणी धड शिकवत नाही.

आंबीत मात्र ही उणीव भरून निघण्याजोगी परिस्थिती आहे. गावात इंजिनीअरिंगचं मोठं शैक्षणिक संकुल आहे, शेजारी वराळे, पलीकडे एमआयडीसी. बीड, लातूर, जळगावकडची पोरं इथे खोल्या करून राहतात, डबा लावतात आणि चार वर्षं थर्मोडायनॅमिक्सशी झुंजतात. झुंज संपली की मुलाखतीला बसतात. तिथे थर्मोडायनॅमिक्स कुणी विचारत नाही. 'वुड यू बी विलिंग टू रीलोकेट?' एवढंच विचारतात. साधा पोरगा 'येस सर' म्हणतो. बीडहून आंबीला आलेल्या माणसाला वेगळं काय सांगायचं असणार? पण ॲडव्हान्स्ड मोडल्सचा क्लास केलेला पोरगा 'आय वुड बी मोअर दॅन हॅपी टू' म्हणतो. दोघांना पगार सारखाच पडतो, बदलीही एकाच ठिकाणी होते. तरीही दुसऱ्याच्या वडिलांना भरलेल्या फीचं समाधान असतं, ते पहिल्याच्या वडिलांना कुठून मिळायचं?

या क्रियापदांचं कूळही समजून घेण्यासारखं आहे. मूळ घराण्यात नऊच माणसं. इंग्रजीतली बाकीची क्रियापदं ही, शी, इट यांच्या दारात गेली की मुकाट्याने 'एस' लावून घेतात. ही नऊ लावत नाहीत. कारण असं की जर्मानिक भाषांत यांच्यातल्या बहुतेकांच्या पूर्वजांनी भूतकाळाचं रूप वर्तमानात वापरायला सुरुवात केली, आणि त्या रूपाला तो प्रत्यय नव्हताच. थोडक्यात, जुन्या काळाच्या भांडवलावर आजचा मान मिळवायचा आणि नियम इतरांसाठी ठेवायचे. आपल्या सार्वजनिक जीवनाची ज्याला सवय आहे त्याला हे घराणं परकं वाटू नये. त्यात मस्टला तर आज स्वतःचा भूतकाळच उरलेला नाही. गरज पडली की तो 'हॅड टू'कडून उसना आणतो. पक्ष बदललेल्या माणसाला यापेक्षा चांगला आदर्श मिळणार नाही.

अडचण फक्त पाठ्यपुस्तकांची आहे. 'डिडन्ट नीड टू' आणि 'नीडन्ट हॅव' यांतला फरक सांगायला ती हटकून छत्रीचं उदाहरण देतात. गरज नव्हती म्हणून छत्री नेली नाही, हे पहिलं. छत्री नेली, पण पाऊसच आला नाही, उगाच ओझं झालं, हे दुसरं. लिहिणाऱ्याने लोणावळ्याचा जुलै पाहिलेला नसावा. मावळात पावसाळ्यात छत्री नेणं कधी वायाच जात नाही. वाया जाते ती छत्री. तेव्हा या उदाहरणाने इथल्या मुलाचं डोकं भलतीकडे जातं. स्थानिक उदाहरणं हवीत, आणि ती देण्यात या पंचक्रोशीचा हात धरणारं दुसरं ठिकाण महाराष्ट्रात नाही.

जनरल मोटर्सचाच कारखाना घ्या. 2008 मध्ये तळेगावला सुरू झाला. 2017 अखेर कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, 2020 च्या डिसेंबरात इथलं उत्पादनही थांबलं. मधल्या काळात चीनची ग्रेट वॉल मोटर्स तो विकत घेणार असं ठरलं. 15 जून 2020 रोजी महाराष्ट्र सरकारशी सुमारे 3,770 कोटींचा करार झाला. त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात चकमक झाली. मुहूर्त पाहणाऱ्यांनी पत्रिका नीट पाहिली नसावी. पुढे मंजुरी मिळाली नाही आणि 2022 च्या जूनअखेर व्यवहार बारगळला. एका कारखान्यात किती धडे बसले पाहा. 'वुड हॅव बॉट', म्हणजे घेतला असता. 'कुड हॅव बीन अप्रूव्ह्ड', म्हणजे मंजुरी मिळू शकली असती. आणि 'नीडन्ट हॅव साइन्ड', म्हणजे सही केली खरी, तिची गरज नव्हती. छत्री लागलीच नाही. कामगार कोर्टात आणि रस्त्यावर लढत होते, त्यांच्या वाक्यांत मोडल्स फारसे नव्हते. त्यामुळे ती अभ्यासक्रमात घेता येत नाहीत.

हा धडा पक्का होतो न होतो तोच पुढचा आला. वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प, 1 लाख 54 हजार कोटींचा, तळेगावला येणार अशी चर्चा होती. 13 सप्टेंबर 2022 रोजी त्याचा करार गुजरात सरकारशी झाला. त्यानंतरचे काही आठवडे महाराष्ट्राच्या इतिहासात व्याकरणाचं सुवर्णयुग म्हणून नोंदवले जायला हवेत. एका बाजूने म्हणायचं, आमचं सरकार असतं तर प्रकल्प गेला नसता. दुसऱ्या बाजूने म्हणायचं, तुम्ही वेळेत सवलती दिल्या असत्या तर तो कधीच आला असता. इंग्रजीचे मास्तर ज्याला थर्ड कंडिशनल म्हणतात आणि जे पोरांच्या गळी उतरवताना त्यांचा घसा बसतो, ते टीव्हीवर फुकट, तासन्‌तास आणि एकही चूक न करता चाललं होतं. चहाच्या टपरीवर तर त्याच्याही पुढचा, मिश्र प्रकार ऐकू यायचा: तेव्हा आला असता, तर आज पोरगं पुण्याला शिफ्टला गेलं नसतं. पुढल्या जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. म्हणजे 'वुड हॅव' आता गुजरातलाही वापरता येऊ लागलं. प्रकल्प कुणालाच नाही मिळाला, व्याकरण दोघांनाही मिळालं. दोन राज्यांत इतकी समान वाटणी क्वचितच होते.

कुणी म्हणेल, यासाठी इंग्रजी कशाला हवं? मराठीत संकेतार्थ आहेच की. पाऊस पडला असता तर पीक आलं असतं, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या व्याकरणापासून पुढे त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण पीक न आल्याचं मराठीत सांगायला कुणी फी देत नाही. शिवाय मराठीत या विद्येचं खरं संगोपन शेतकऱ्याने केलंच नाही, ते मंत्रालयाने केलं. 'मान्यता देण्यास हरकत नसावी.' या वाक्यात मान्यता कोण देतो, हरकत कुणाची, ती नाही असं कुणी पाहिलं, काहीही कळत नाही, आणि फाइल पुढच्या टेबलावर जाते. असं वाक्य लिहायला बारा वर्षांची नोकरी लागते. इंग्रजीत तेच काम सहा आठवड्यांच्या बॅचमध्ये शिकवतात. 'इट शुड हॅव बीन चेक्ड.' तपासलं जायला हवं होतं. कुणी? इंग्रजी व्याकरण असा उद्धट प्रश्न विचारत नाही. एमआयडीसीतला कुठलाही सुपरवायझर सांगेल की नोकरीत टिकायला मायक्रोमीटरपेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी पडतं.

कार्यक्रमांच्या निमंत्रणांतही हल्ली ही प्रगती दिसते. 'द प्रोग्रॅम वुड स्टार्ट ॲट टेन ए.एम.' शुद्धलेखनवाले यावर नाक मुरडतात, तिथे 'विल' हवं म्हणतात. मला त्यांचं पटत नाही. विल म्हणजे वचन झालं. पाहुणे साडेअकराला येणार, हे निमंत्रण लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. वुड लिहून त्याने आपला प्रामाणिकपणा जपलेला असतो.

आणि ज्यांना वाटतं की हा सगळा हवेतला खेळ आहे, त्यांनी 1961 चा महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा वाचावा. बत्तिसाव्या कलमात सरकार जमीन संपादन करू शकेल, तिथे 'मे' आहे. राजपत्रात सूचना निघाली की मात्र ती जमीन सरकारची होईलच, तिथे 'शॅल' आहे. सरकारच्या वाट्याला मे, जमिनीच्या वाट्याला शॅल. दोन छोट्या शब्दांत एवढं जमीनदोस्त काम फक्त इंग्रजीच करू जाणे. त्यात कायद्यातला मे कधीकधी सक्तीचा धरायचा, ही वाटही वकिलांना जुन्या काळापासून मोकळी आहे. 1880 च्या ज्युलिअस विरुद्ध बिशप ऑफ ऑक्सफर्ड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने मुभा देणाऱ्या शब्दांत कर्तव्य केव्हा दडलेलं असतं याची चर्चा केली, तिचा आधार भारतातली न्यायालयंही घेतात. सातबाऱ्याच्या इतर हक्कात शिक्का बसलेल्या मावळच्या शेतकऱ्याला हे बिशप कोण, ते माहीत नसतं. त्याने पोराला क्लासला घालावं ते याचसाठी. नोटीस आल्यावर निदान कुठल्या क्रियापदाने आपली जमीन गेली, ते त्याला घरातल्या घरात समजेल.

एवढी अनुकूलता असताना या विद्येवर एक संकट आलं आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नाही. जनरल मोटर्सचा तो कारखाना 2023 च्या करारानुसार ह्युंदाईने घेतला. घेतला असता नव्हे, घेऊ शकली असती नव्हे, खरोखरच घेतला, आणि आता तिथून गाड्या बाहेर पडताहेत. 'दे मेक कार्स.' तीन शब्द, साधा वर्तमानकाळ, पहिलीतल्या पोरालाही कळावा असा. पंधरा वर्षांत घडवलेली उदाहरणांची अख्खी मालिका एका व्यवहारात निकालात निघाली. आसपासच्या मास्तरांना आता काय शिकवायचं, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. म्हणून शिक्षण विभागाला पाठवण्यासाठी एक अर्ज मी तयार करून ठेवला आहे. मजकूर आटोपशीर आहे: सदर प्रकल्प प्रत्यक्षात आल्याने विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होत असून, यापुढे मावळात कोणताही प्रकल्प पूर्ण करण्यापूर्वी इंग्रजी विषयाच्या शिक्षकांना विश्वासात घेण्यास हरकत नसावी. खाली सही कुणाची करायची, ते मात्र मुद्दाम मोकळं ठेवलं आहे.