काही करत नाही हो तो!

लिफ्टचं दार उघडायच्या आतच आवाज येतो, ‘काही करत नाही हो तो!’ मग दार उघडतं आणि त्याला जे करायचं असतं ते तो करतो.

तो म्हणजे मोदक. लॅब्राडोरचं पिल्लू, वय दहा आठवडे, रंग बदामी, चेहरा अत्यंत सालस. आधी बुटाची नाडी, मग पॅन्टची मोहरी, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर पोटरी. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला काका असतात. असे काका हल्ली पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत सापडतात. नुकतेच निवृत्त झालेले, बीपीची गोळी सुरू झालेली, मुलगा परदेशी. त्यानंच सुट्टीवर आल्यावर ‘बाबा, तुम्हाला सोबत होईल’ असं म्हणत पिल्लू आणून दिलेलं आणि आठवड्याच्या आत विमान गाठलेलं.

मोदकनं कुणाला चावा घेतला की काका त्याचं वकीलपत्र घेतात. ‘दात शिवशिवतात हो त्याचे.’ ‘तुम्ही पाय मागे घेतलात ना, म्हणून.’ ‘तुमच्याकडे मांजर आहे का? मग बरोबर!’ आमच्याकडे मांजर नाही म्हटल्यावर ‘शेजारी असेल’ असा निकाल देऊन ते मोकळे झाले. समोरच्या वहिनींच्या ओढणीला भोक पडलं तेव्हा म्हणाले, ‘त्याला लाल रंग फार आवडतो.’ कुत्र्यांना लाल रंग लाल म्हणून दिसतच नाही. पण वकिलाला पुराव्याशी काय घेणंदेणं!

काकांचे स्वतःचे हात मात्र बघण्यासारखे आहेत. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल रेघाच रेघा. आल्यागेल्याला ते त्या तारीखवार दाखवतात. ‘ही मंगळवारची. ही बॉल दिला नाही म्हणून. ही उगाच.’

त्यामागचं कारण रोज सकाळी सतरंजीवर घडतं. काका मांडी घालून बसतात आणि हाताचा पंजा मोदकच्या तोंडापुढे नाचवतात, ‘पकड! पकड!’ मोदक आज्ञाधारक आहे. पकडतो. सगळे २८ दुधाचे दात लावून पकडतो. लगेच काका ओरडतात, ‘नो!’ जो हात आत्ता खेळणं होता तो लगेच सोवळ्यात कसा गेला, हे त्या बिचाऱ्या जिवाला कळावं कसं? नाचवायचंच तर एखादं दोरीचं खेळणं नाचवावं, म्हणजे दात त्याच्यावर बसतील. पण दोरीत काकांना मजा येत नाही.

उपाय त्यांनी कमी केले नाहीत. एकदा हातांना कारल्याचा रस चोळला. मोदकनं हुंगून तोंड फिरवलं आणि काका खूश झाले. मग त्याच हातांनी पोळीचा घास तोंडात घातला, आणि काकूंना त्या दिवशी प्रथमच प्रयोगात रस वाटला. वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारायचाही बेत होता, पण शब्दकोडं सुटायचं होतं म्हणून काकूंनी पेपर दिला नाही. ते एक बरं झालं. माराला घाबरून पिल्लू माणसाच्या हातालाच भ्यायला लागतं, आणि भ्यालेला कुत्रा मोठेपणी खरा चावतो.

मग काकांच्या मोबाइलवर इयन डनबार आले. पिल्लांचे वर्ग रूढ करणाऱ्या या पशुवैद्यांचं सांगणं असं, की पिल्लाला आधी चाव्याचा जोर कमी करायला शिकवा, चावणं बंद करणं त्यानंतर. काकांनी त्यातलं पहिलं अर्धं घेतलं. तेव्हापासून कुणी पोटरी चोळत उभं राहिलं की ते म्हणतात, ‘तो सध्या हळू चावायच्या टप्प्यात आहे.’

पिल्लासारखं केकाटायचं, हेही त्यांना मोबाइलवरच कळलं. ते खोटं नाही. भावंडं खेळताना एकानं फार जोरात दात लावले की दुसरं कळवळतं आणि खेळ सोडून निघून जातं. असं पाच-पंचवीस वेळा झालं की चावऱ्याला कळतं, जोर केला की खेळ संपतो. म्हणूनच निदान आठ आठवडे तरी पिल्लू आईपासून आणि भावंडांपासून तोडू नये. तर काका सकाळी सहाला ‘आँऽव्’ करून केकाटले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी वॉचमनला इंटरकॉम केला. मोदक मात्र आनंदानं वेडा झाला, कारण केकाटून झाल्यावरही काका जागचे हलले नव्हते. हात तिथेच, आणि तोंड चालूच, ‘बघ बरं, असं करतात का? बाबांना लागलं ना? सांग, लागलं ना?’ केकाटण्यापेक्षा त्यानंतर गप्प होऊन उठून जाण्याला महत्त्व आहे. आणि गप्प होणं काकांना नोकरीतही जमलं नव्हतं म्हणे.

जमतं ते कामाला येणाऱ्या मावशींना. त्या केर काढायला लागल्या की मोदक झाडूवर झडप घालतो. मावशी झाडू जमिनीला टेकवून थांबतात. रागावत नाहीत, बोलत नाहीत, त्याच्याकडे बघतही नाहीत. थांबलेल्या झाडूत गंमत ती काय? मोदक चार वेळा ओढून बघतो आणि सोडतो. सोडल्याबरोबर मावशी कमरेला खोचलेलं फडकं काढतात, ओलं करून गाठ मारलेलं, आणि त्याच्यापुढे टाकतात. ते चावत तो सोफ्याखाली जातो. मावशींच्या पायाला एक ओरखडा नाही. काकांना विचारलं तर म्हणतात, ‘त्यांना घाबरतो तो.’

संध्याकाळी सात वाजता मोदकच्या अंगात येतं. घरभर पळत सुटतो, दिसेल त्याला दात लावतो. काका म्हणतात, एनर्जी फार आहे. एवढ्या वयाच्या पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. इथे बेल वाजली की काका त्याला उठवून पाहुण्यांना दाखवतात. दुपारची झोप मोडलेलं तान्हं पोर किरकिरतं तसा मोदक चावतो, एवढंच. त्याला शांत कोपऱ्यात निजवलं तर सोसायटीतल्या निम्म्या पोटऱ्या वाचतील.

चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दात पडायला लागतील. काकूंनी पहिल्या दातासाठी कुंकवाचा रिकामा करंडा काढून ठेवलाय. सहा-सात महिन्यांत पक्के ४२ दात येतील, जबडाही तोवर भक्कम झालेला असेल. जोर आवरायला शिकायचं ते त्याच्या आत. मोदक शिकेलही. मावशी रोज येतात. श्रेय अर्थात काका घेतील.

तुमच्याही लिफ्टमध्ये असे काका असणार. पिल्लू चावायला आलं तर पाय झटकू नका, पळू नका, खांबासारखे उभे राहा. दात लागून रक्त आलं किंवा नुसतं खरचटलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पिल्लांना रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात, आणि मोदक अजून तेवढा झालेला नाही. काका ‘दुधाचे दात आहेत हो, हळद लावा’ म्हणतील. त्यांना हो म्हणा आणि दवाखाना गाठा.