उसातला वास्तववादी

ड्रॅगन त्याला चालतो. आग ओकणारा, चार भाषा बोलणारा, सोन्याच्या राशीवर घोरणारा ड्रॅगन समोर आला, तर हा गडी विनातक्रार तलवार उपसतो. पण खेळ चालवणाऱ्याने उसात बिबट्या बसवला, की फासा खाली ठेवून म्हणतो, "थांब. हे पटत नाही." ड्रॅगन त्याच्या शिवारात येत नाही, बिबट्या येतो.

जुन्नर-आंबेगावकडचा हा वास्तववादी आठवडाभर हिंजवडीत संगणकापुढे बसतो आणि शनिवारी मंचर-नारायणगावच्या बाजूला, आपल्या मळ्यावर सापडतो. सोबत फाशांची पिशवी. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी काढलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ कांद्याच्या बराखीशेजारच्या खोलीत रंगतो. एकजण डीएम, म्हणजे डंजन मास्टर. तो गोष्ट सांगतो. बाकीचे कोणी एल्फ, कोणी बुटका, कोणी मांत्रिक होऊन तिच्यात शिरतात. काही लपलेलं असेल तर डीएम म्हणतो, "परसेप्शन टाक." वीस बाजूंच्या फाशावरचा आकडा, त्यात पात्राच्या चौकसपणाचा बोनस, बेरीज पंधराला पोचली की दिसलं. एरवी एवढ्यावर भागतं. इथे नाही भागत.

"ऊस केवढा?"

"असेल दहा फूट."

"पाचट काढलंय का?"

डीएमने पाचटाचा विचार केलेला नसतो.

"पाचट तसंच असलं तर हातभरावरचं दिसत नाही. वाजलं तर तुझ्या एल्फच्या पायाखाली वाजेल, बिबट्या कशाला वाजवतोय? पंधरा कसले? चाळीस ठेव."

"चाळीस ठेवले तर कुणालाच दिसणार नाही!"

"नाहीच दिसत. तेच सांगतोय."

सांगणं खोटं नाही, हीच पंचाईत. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, घोड नदीवर डिंभे झालं; पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे बिबट्या. तोडीच्या वेळी सरीत पिल्लं सापडतात. माणसं दगावली आहेत, त्यामुळे या विषयावर त्याची थट्टा जपूनच करावी लागते. बाकी विषयांवर बिनधास्त करावी, इतका तो छळतो.

अंधुक उजेडासाठी नियमपुस्तकात सोय आहे: दोनदा फासा टाकायचा, कमी पडेल तो धरायचा. याचा प्रश्न असा की अंधुक म्हणजे किती? पौर्णिमा, की वस्तीवरचा बल्ब? बॅटरी चार्ज केलेली, की उतरलेली? आणि मुळात एल्फ रात्री दोन वाजता उसात गेलाच कशाला? याचं उत्तर पुन्हा तोच देतो: थ्री फेज रात्रीची असेल. तेव्हापासून त्या मोहिमेतल्या एल्फला आधी मोटर चालू करावी लागते, मग दारं धरावी लागतात, आणि साहस करायचं ते त्यातून वेळ उरला तर.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत बघणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कौशल्यं होती. २००८ च्या चौथीत ती परसेप्शनच्या एका खात्यात टाकली. हा अन्याय तो विसरलेला नाही. त्याचं म्हणणं, बिबट्या दिसत नाही, कळतो. टिटवी ओरडते. कुत्री भुंकता भुंकता एकदम गप्प होऊन ओट्याखाली शिरतात. म्हणून त्याने आपल्या पात्राला एक गावठी कुत्रं घेतलं आणि त्याच्यासाठी वेगळा फासा मागितला. डीएमने पहिल्याच रात्री ते बिबट्याला घातलं. मग वास्तववाद्याने पंचनामा होईपर्यंत जागेवरून हलायला नकार दिला.

डीएमही इथलाच, म्हणून त्याने एकदा घरचंच उदाहरण काढलं. "खोडदच्या दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, एकेक पंचेचाळीस मीटरची. त्यांना दूरदूरच्या दीर्घिकांचे रेडिओ तरंग कळतात. माझ्या एल्फला दहा फुटांवरचा बिबट्या कळला तर बिघडलं कुठे?"

"तबकडीखालच्या गवतात बसलेला बिबट्या तिला कळतो का, ते आधी विचार."

मांत्रिकाने शेवटी मंत्राने बिबट्याला पन्नास कोस पलीकडच्या जंगलात पाठवायचं ठरवलं. तेही जमलं नाही. "हे आपल्याकडं करून झालंय," वास्तववादी म्हणाला. या शतकाच्या सुरुवातीला वनखात्याने इथले बिबटे धरून लांब नेऊन सोडले होते. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढल्याचं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. मांत्रिकाने मंत्र परत घेतला. मग माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात न्यायची सूचना आली, तर पिंजरा कोण लावणार आणि शेळी कोणाची बांधणार, यातच चहाची वेळ झाली.

स्वतःला वीस पडला, की मात्र त्याचं वास्तव उसात जातं. मग अमावस्येच्या रात्री, पाचटासकटच्या उसातून, बांधापलीकडच्या बिबट्याच्या मिशासुद्धा मोजता येतात. कोणी पाचटाची आठवण केलीच तर, "आपलं लहानपण इथं गेलंय" एवढ्यावर विषय संपतो.

डीएमही आता निर्ढावला आहे. काही कारण नसताना पडद्याआड फासा टाकतो, "हं" म्हणतो आणि गप्प बसतो. त्या एका "हं"वर परवा सगळी टोळी थांबली. खजिना उसाच्या मधोमध, आणि आत पाय टाकायला कोणी तयार नाही. वास्तववाद्याने तोडगा काढला: तोड येऊ द्यायची, ऊस खाली झाला की खजिना उचलायचा. एल्फ, बुटका, मांत्रिक, सगळ्यांना पटलं. मांत्रिकाने सहज विचारलं, "कुठला ऊस आहे?"

डीएमने सूड उगवला. "आडसाली. लागण नुकती झालीये."

"मघाशी दहा फूट होता!"

"ते तुम्ही परसेप्शन न टाकता ठरवलंत."

दीड वर्षाचं पीक. सध्या सगळे बांधावर बसून आहेत, आणि कारखान्यात नोंद एल्फच्या नावाने लावायची की बुटक्याच्या, यावरून भांडण चाललं आहे.