आधी वैद्य, मग चकली

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण एकाच घरातून दोन विरुद्ध पक्षांची मर्जी राखतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समुद्रमंथनातून अमृताचा कलश घेऊन वर आलेल्या धन्वंतरीची देवघरात पूजा होते, धणे-गुळाचा नैवेद्य दाखवला जातो. आणि तासाभरात दाराबाहेर, दक्षिणेकडे वात करून, यमासाठी कणकेचा दिवा ठेवला जातो. वैद्य आपला, आणि त्याचा इलाज हरला तर ज्याच्याशी गाठ पडायची तोही आपलाच. एवढा बंदोबस्त झाला की घरची मंडळी निर्धास्तपणे चकलीच्या डब्याकडे वळतात. रक्तातली साखर तपासायची ती दिवाळी झाल्यावरच, असा आमच्या काकांचा नेम. ‘सणासुदीला कशाला तिला चारचौघांत उघडं पाडायचं?’ म्हणतात, आणि घरातल्या लाजऱ्या मुलीची घ्यावी तशी तिची बाजू घेतात. काकांना विषयाची माहिती नाही असं मात्र नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळ आणि वाचन एकाच बैठकीत उरकत आला आहे. काका मधुमेहावरचा लेख चिवड्याची वाटी मांडीवर घेऊन मन लावून वाचतात. ‘तळलेले पदार्थ टाळा’ या ओळीवर त्यांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटतो आणि त्यातून पलीकडच्या पानावरचं वार्षिक राशिभविष्य अंधुक दिसू लागतं.

खरं तर या सणानं तब्येतीची काळजी आपल्या कितीतरी आधी वाहिली आहे. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतात आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावतात. फराळ त्यानंतर. शिवाय अभ्यंग. अभ्यंगानं म्हातारपण, थकवा आणि वात दूर राहतात, असं वाग्भटांनी लिहून ठेवलं आहे. लहानपणी आम्हाला त्यातलं काहीच झालेलं नसायचं, तरी तेल मिळायचं. आई बांगड्या कोपराकडे सारायची, कोमट तिळाचं तेल तळव्यावर घ्यायची आणि टाळूवर थापायची. मग कानांमागे, मानेवर, पाठीच्या कण्यावरून खाली. उटण्यातल्या नागरमोथ्याचा आणि आंबेहळदीचा वास न्हाणीघरातल्या वाफेत मिसळायचा, डोळे आपोआप मिटायचे, आणि सहामाही परीक्षेचे मार्क कुठल्या कुठे वाहून जायचे.

थकलेली असायची ती एकटी आईच. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, कुटायचे, गुळात मळायचे. आणि इतकं करून एखादा अनारसा कढईत हसला, की स्वयंपाकघरात हसणारा तो एकटाच असायचा. चकलीचं मोहन कमी-जास्त झालं तर आई सोऱ्याशी बोलेनाशी व्हायची. चतुर्दशीला मुलांना तेल लावायचं, पाडव्याला नवऱ्याला, आणि भाऊबीजेला मामा यायचे म्हणून पुन्हा चूल. ही भाऊबीजही मुळात यमाचीच. तो या दिवशी यमुनेकडे जेवायला गेला, तृप्त झाला, आणि बहिणीच्या हातचं जेवणाऱ्या भावांना त्यानं अभय देऊन टाकलं. प्रत्यक्ष यमालाही ‘आता पुरे’ म्हणणं जमलं नसावं. पण त्याला वाढून झाल्यावर यमुना किती वाजता जेवली, हे काही कथेत सांगितलेलं ऐकलं नाही.

आईला कोणी तेल लावलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. आम्ही उठायच्या आत तिची आंघोळ झालेली असायची. विचारलं तर ‘माझं केव्हाच आटपलं’ हे ठरलेलं उत्तर. गेल्या दिवाळीत आम्ही भावंडांनी गजर लावून तिला गाठलं आणि पाटावर बसवलं. बसली, पण एसटीच्या जागेवर रुमाल टाकून खाली उतरलेल्या माणसाचं लक्ष असावं तसं तिचं अर्धं चित्त गॅसवरच्या दुधाकडे. केस आता इतके विरळ झालेत की तेल जिरायलाही जागा कमी. थोड्या वेळानं खांदे जरा सैल पडले, मान पुढे झुकली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात डोळे न उघडताच ती म्हणाली, ‘बास रे आता. वाटीत उरलंय ते टाकू नका, बाबांच्या गुडघ्यांना लावा.’