पेंड, लसूणघास आणि चेहरा

क्रीमच्या डबीवर दोन जण लिहीत असतात. पुढची बाजू जाहिरातवाला लिहितो आणि मागची बाजू वकिलाच्या धाकाने लिहिली जाते. पुढे ‘तारुण्य’, ‘तेज’, ‘नवसंजीवन’ वगैरे ठसठशीत टायपात. मागे घटकांची यादी, जी वाचायला आजोबांचं भिंग शोधावं लागतं. ज्या वयात क्रीमची गरज भासू लागते, नेमकं त्याच वयात जवळचं दिसेनासं होतं. हा योगायोग कंपन्यांच्या चांगलाच पथ्यावर पडलेला आहे.

तरीही मागची बाजू वाचणाऱ्यांचा एक पंथ हल्ली जोरात आहे. पूर्वी घरात स्थळ आलं की दोन पत्रिका मांडून बसायचे. आता दोन डब्या पालथ्या घालून बसतात. ग्लिसरीन जुळलं, पँथेनॉल जुळलं, सुगंधात जरा नाडीदोष दिसतोय, पण एकूण गुण चांगले आहेत. गुण जुळले की महागडी डबी खाली ठेवायची, स्वस्त घ्यायची आणि पुढचे सहा महिने भेटेल त्याला तो हिशेब ऐकवायचा. क्रीमने चेहऱ्यावर तेज येतं की नाही ते माहीत नाही, पण वाचलेल्या पैशांनी हमखास येतं.

या पंथाचं सर्वात लाडकं स्थळ म्हणजे निव्हियाची निळी डबी आणि क्रेम द ला मेरची पांढरी बरणी. पहिलीची साठ मिलीची डबी आपल्याकडे दोनशे रुपयांच्या आत मिळते. दुसरीची तेवढीच बरणी अमेरिकेत साडेतीनशे डॉलरच्या वर जाते, म्हणजे रुपयांत तीस हजारांच्या घरात.

निव्हियाचं घराणं जुनं आणि मध्यमवर्गीय. हॅम्बुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीने 1911 साली ती बाजारात आणली. मालक ऑस्कर ट्रॉप्लोविट्झ, आणि खरी करामत आयझॅक लिफ्शुट्झ या रसायनतज्ज्ञाची. मेंढीच्या लोकरीला जे मेण असतं, त्यातून त्याने असा पदार्थ वेगळा काढला की ज्याच्या मध्यस्थीने तेल आणि पाणी एका डबीत भांडण न करता नांदू लागले. आज यादीत तो ‘लॅनोलिन अल्कोहोल’ या नावाने येतो. (त्यातल्या अल्कोहोलने कुणी दचकू नये किंवा हुरळूनही जाऊ नये, ते मेणच आहे.) डबी आधी पिवळी होती, 1925 मध्ये निळी झाली. एवढंच चरित्र. त्यात ना अपघात, ना तपश्चर्या, ना साक्षात्कार. एवढ्यावर कोण तीस हजार देईल?

ला मेरच्या चरित्रात हे सगळं आहे. मॅक्स ह्यूबर नावाचा अमेरिकी शास्त्रज्ञ, कामाचं क्षेत्र अवकाशयानांचं. प्रयोगशाळेत अपघात झाला, भाजलं. मग कंपनी सांगते त्याप्रमाणे बारा वर्षं आणि सहा हजार प्रयोग, आणि त्यातून समुद्रातलं शेवाळ आंबवून तयार झालेला एक चमत्कारी रस्सा. रस्सा हा शब्द माझा नाही, इंग्रजीत त्यांनी तोच वापरला आहे. आपल्याला आजवर तांबडा आणि पांढरा एवढे दोनच माहीत होते. हा रस्सा तीन-चार महिने आंबतो आणि आंबताना त्याला प्रकाश दाखवतात, ध्वनिलहरी ऐकवतात. राग कोणता ते सांगितलेलं नाही. ह्यूबरच्या पश्चात हे सारं एस्टे लॉडर कंपनीने 1990च्या दशकात विकत घेतलं. वापरण्याचा विधीही ठरलेला आहे: चिमूटभर क्रीम बोटांच्या टोकांवर घ्यायचं, पारदर्शक होईपर्यंत ऊब द्यायची आणि मग चोळायचं नाही, चेहऱ्यावर अलगद दाबायचं. आमच्या घरी निळ्या डबीला असा सोवळ्यातला मान कधी मिळाला नाही. तीत बोट खुपसायचं आणि उरलेलं टाचेला पुसायचं, एवढाच विधी.

आता दोघींच्या याद्या शेजारी ठेवू. याद्या देशागणिक आणि वर्षागणिक थोड्या हलतात, पण सांगाडा तोच राहतो. निव्हियाच्या यादीत वीस-एकवीस नावं आहेत: पाणी, खनिज तेल, मायक्रोक्रिस्टलाइन मेण, ग्लिसरीन, लोकरीचं ते मेण, पॅराफिन, पँथेनॉल, मॅग्नेशियम सल्फेट, डेसिल ओलिएट, ऑक्टिलडोडेकॅनॉल, सायट्रिक आम्ल, दोन प्रकारची स्टिअरेटं आणि सुगंध. यातली दोन-तीन वगळता सगळी नावं तीस हजारांच्या बरणीत भेटतात. सुगंधातसुद्धा लिमोनिन, जेरॅनिऑल, लिनॅलूल, सिट्रोनेलॉल ही मंडळी दोन्हीकडे हजर. ती नावानिशी छापावी लागतात, कारण युरोपच्या कायद्याला ॲलर्जीची काळजी आहे.

आणि मुख्य काम करतात ती हीच मंडळी. त्वचेतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून वरून तेला-मेणाचा पातळ थर आणि पाणी धरून ठेवायला ग्लिसरीन: कोरड्या त्वचेच्या क्रीमचं शास्त्र बरंचसं इथेच संपतं. ला मेरमध्ये पेट्रोलॅटम जादा आहे, म्हणजे तेच ज्याचं पेटंट रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 साली घेतलं आणि जे आपल्या प्रत्येक कपाटात व्हॅसलिन म्हणून असतं. पण खनिज तेल आणि मेण एकत्र आलं की तेही पेट्रोलॅटमचंच भाऊबंद, तेव्हा निळ्या डबीने त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

मग तीस हजार जातात कुठे? तर उरलेल्या नावांत. ही उरलेली नावं मला कळेनात. त्या वेळी न्यूजर्सीहून आलेल्या भाचीने मावशीसाठी ड्यूटी-फ्रीमधून आणलेली बरणी टेबलावर होती आणि दिंडोरीहून आलेले माझे मेहुणे चहाला बसले होते. मेहुण्यांची चार एकर द्राक्षबाग आहे. डावणी, भुरी आणि व्यापारी या तिघांशी त्यांचा वर्षभर सामना चालतो. बारीक अक्षरांचं त्यांना भय नाही; औषधांच्या बाटल्यांवरची माहितीपत्रकं वाचून डोळे तयार झालेले आहेत. त्यांनी खोका उचलला आणि दूर धरून वाचू लागले.

“पहिलं सीवीड एक्स्ट्रॅक्ट,” ते म्हणाले. “दाजी, हे तर आम्ही बागेला मारतो.”

“मामा, ते वेगळं असतं. ते फरमेंटेड आहे,” भाची म्हणाली.

“आमचं जीवामृतही आंबवलेलंच असतं की. त्यात गूळ आणि बेसन जातं. बाकीचं काय जातं ते मावशीसमोर सांगत नाही.” ते पुढे सरकले. “मॅग्नेशियम सल्फेट. हे पान पिवळं पडलं की देतात. झिंक, कॉपर, कॅल्शियम… ही सूक्ष्म अन्नद्रव्यं झाली. तिळाचं तेल. निलगिरी. लिंबू. बदामाचा चोथा. सूर्यफुलाची पेंड.”

“पेंड?” मावशी.

“पेंड. म्हशीला घालतो ती. आणि हे अल्फाल्फा म्हणजे लसूणघास.” मेहुण्यांनी खोका खाली ठेवला. “तायडे, याच्यात वैरण, खुराक आणि फवारणी तिन्ही आहे. फक्त दावं नाही.”

मेहुण्यांचं वाचन खरं आहे. पेंड, लसूणघासाच्या बियांची पूड, तीळ, निलगिरी, ग्लुकोनेटच्या रूपातली तांबं-जस्तासारखी खनिजं आणि वर बी-12 जीवनसत्त्वसुद्धा त्या यादीत छापलेलं आहे. यात फसवणूक काही नाही. लसूणघास वाईट असतं असं कुठलीही म्हैस म्हणणार नाही. आणि मॅग्नेशियम सल्फेट तर दोन्ही डब्यांत आहे. तेलात पाण्याचे थेंब टिकून राहावेत म्हणून ते घालतात.

पण मेहुण्यांची खरी अडचण पुढे आली. त्यांनी खोका चारही बाजूंनी फिरवला, झाकण उघडून आतला कागद काढला, तोही पालथा केला.

“प्रमाण कुठंय?”

“कसलं प्रमाण?”

“टक्केवारी. सीवीड किती टक्के, पेंड किती टक्के?”

भाचीने सांगितलं की तसं छापत नाहीत. नियम असा, की जे जास्त ते आधी लिहायचं आणि उतरत्या क्रमाने खाली यायचं. एक टक्क्याच्या आतली मंडळी मात्र कशीही उभी केली तरी चालतात. आपल्याकडच्या 2020च्या प्रसाधन नियमांतही तसंच आहे, युरोप-अमेरिकेतही साधारण तसंच. म्हणजे यादीतली पहिली पाच-सहा नावं रांगेत उभी असतात आणि मागची तीस सभामंडपात कुठेही बसलेली असतात. अर्धा टक्का घातलेला माणूस आणि चिमटीतून नुसता दाखवलेला माणूस शेजारी शेजारी. शेवाळाच्या अर्कात शेवाळ किती आणि ज्यात ते आंबवलं ते पाणी किती, हेही यादी सांगत नाही. निव्हिया बिचारी पहिल्याच शब्दात ‘पाणी’ लिहून मोकळी होते. कुळीन बरणीत पाणी पार मागच्या रांगेत दिसतं, कारण पुढे जे आलंय ते ‘अर्क’ म्हणून आलंय.

मेहुणे थक्क झाले. त्यांच्या गोदामातल्या खताच्या पिशवीवर 19:19:19 असं छापलेलं असतं. दुसरीवर 12:61:00, तिसरीवर 00:52:34. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती. ते छापणं सक्तीचं आहे, 1985च्या खत नियंत्रण आदेशाने. खत निरीक्षक दुकानात येऊन नमुना घेऊ शकतो, तो प्रयोगशाळेत जातो आणि छापल्यापेक्षा कमी भरला तर नमुना अप्रमाणित ठरतो, दुकानदाराची आणि कंपनीची धावपळ होते. (तरीही बाजारात ‘सुपर’, ‘पॉवर’, ‘गोल्ड’ अशा नावांची टॉनिकं ढिगाने खपतात आणि ती घेताना मेहुण्यांनी टक्केवारी पाहिली होती का, हे मी विचारलं नाही. त्यांच्या घरी जेवायला जायचं असतं.) सांगायचा मुद्दा असा, की वेलीच्या मुळाशी काय किती जातंय हे कायद्याला कळायला हवं असतं. गालावर काय किती जातंय त्याची नुसती नावं पुरतात.

इथेच पालथ्या डब्या वाचणाऱ्या पंथाचाही पाय घसरतो. दोन याद्या जुळल्या म्हणजे दोन क्रीमं एक झाली, हे त्यांनी परस्पर ठरवलेलं आहे. ग्लिसरीन एकीत दोन टक्के असेल आणि दुसरीत दहा. दोन्ही ठिकाणी नाव तेच छापलं जाईल. महागड्या डबीवाले म्हणतात, आमच्यात शेवाळ आहे. स्वस्त डबीवाले म्हणतात, बाकी सगळं सारखंच आहे. दोघांकडेही तराजू नाही, तरी वजनावरून वाद जोरात आहे. मला विचाराल तर मी निळी डबीच घेईन. पण ती तीस हजारांच्या बरणीची जुळी बहीण आहे म्हणून नव्हे. टाचेला चालते म्हणून. तीस हजारांचं क्रीम टाचेला लावायला माझा हात धजावणार नाही, आणि माझ्या शरीरात खरी कोरडी पडते ती टाचच.

भाचीने शेवटचा प्रयत्न केला. “मामा, याला खूप थोडं लागतं. अर्धा मिली एका वेळेला.”

हे ऐकून मेहुण्यांचा चेहरा उजळला. अखेर कुणीतरी मात्रा सांगितली होती. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि खोक्याच्याच पाठीवर आकडे मांडायला घेतले. त्यांच्या जगात कुठल्याही औषधाची किंमत बाटलीवर ठरत नाही, एकरावर ठरते. चेहरा अंदाजे पाचशे चौरस सेंटिमीटर धरला. एकर म्हणजे चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटर. भागाकार केला: एका एकरात ऐंशी हजार नऊशे चाळीस चेहरे बसतात. प्रत्येकी अर्धा मिली, म्हणजे चाळीस लिटर आणि वर थोडं. निव्हियाचा दर दोनशेला साठ मिली धरून एक लाख पस्तीस हजार झाले. “हे जरा जास्त आहे, पण चर्चा होऊ शकते,” ते म्हणाले. मग दुसरी बरणी. तीस हजारांना साठ मिली, म्हणजे मिलीला पाचशे रुपये.

पेन थांबलं. त्यांनी शून्यं दोनदा मोजली.

“एकरी दोन कोटी दोन लाख पस्तीस हजार.”

“आणि दिवसातून दोनदा लावायचं असतं,” भाचीने प्रामाणिकपणे सांगितलं.

“दोनदा. म्हणजे सकाळची फवारणी वेगळी, संध्याकाळची वेगळी.” मेहुण्यांनी पेनाला टोपण लावलं आणि सगळ्या खर्चाच्या बोलण्याअंती शेतकरी विचारतो तो एकच प्रश्न विचारला.

“बरं. आणि माल कधी निघतो?”