मजबूत करेल आहे

मेहुण्याने जोंगा घ्यायचं ठरवलं, तेव्हा सासरच्या निम्म्या मंडळींना ते एखादं जनावर वाटलं आणि उरलेल्यांना नाचाचा प्रकार. म्हणून मी खुलासा केला. जोंगा ही लष्करासाठी जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या आराखड्यावर बनलेली फोर-व्हील ड्राइव्ह गाडी. सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. १९९९च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. लष्कराने जुन्या गाड्या लिलावात काढल्या आणि त्या देशभर पांगल्या. २०१९ साली महेंद्रसिंग धोनीने एक घेतली. तेव्हापासून ज्या जोंग्यात कोंबड्या अंडी घालतात, त्याचा मालकही किंमत षटकारांत सांगतो.

मेहुण्याला सापडलेला जोंगा यावलला होता. 'मॉडिफाय केलेला आहे, दाजी,' असं तो सांगायचा तेव्हा त्याचा आवाज कातर व्हायचा. घरून परवानगी मिळाली ती मिस्त्री बरोबर नेण्याच्या अटीवर.

नाशिकहून निघालो. भुसावळ सोडून तापी ओलांडली की केळी सुरू होतात, आणि मग उत्तरेला सातपुडा आडवा येईपर्यंत केळीच. मेहुणा यावल अभयारण्याबद्दल बोलत होता : १९६९ सालचं, सुमारे १७५ चौरस किलोमीटर, पालची थंडी, सुकी नदी. त्या जंगलात गाडी न्यायला वनखात्याची परवानगी लागते, हा भाग तो गाळत होता. शेजारच्या फैजपूरला १९३६ साली खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं, नेहरू अध्यक्ष होते, ही माहिती मी दिली. मिस्त्री तोवर समोरच्या केळीच्या ट्रकच्या पाट्यांकडे टक लावून बसला होता. त्याने एवढंच विचारलं, "तेव्हा इथवर गाड्या कुठल्या यायच्या?"

जोंगा केळीच्या बागेच्या कडेला उभा होता. मागचा भाग कापून हौदा केलेला, टायर ट्रॅक्टरला लाजवणारे, टपावर दिव्यांची रांग, पुढचा बंपर रेल्वेच्या रुळाच्या जातीचा. मेहुणा बोलायचा थांबला. ज्याला सौदा करायचा आहे त्याने असं थांबू नये. मालकांनी ते पाहिलं आणि मनातल्या मनात किंमत वाढवली असावी.

"भाऊ, लोखंड पाहा," मालक म्हणाले. "सगळं मजबूत करेल आहे."

मिस्त्रीने लोखंड पाहिलंच नाही. त्याने गाडी दहा फूट पुढे घ्यायला लावली आणि ती जिथे उभी होती तिथली जमीन पाहिली. तेलाचे तीन डाग होते. एक इंजिनाखालचा, एक गिअरबॉक्सखालचा, तिसरा कुणाचा यावर जमलेल्या लोकांत दोन तट पडले. तोवर लोक जमले होतेच. यावलमध्ये माणूस गाडीखाली शिरला की आणखी चार जण वाकतात.

मग समोरचं चाक जॅकवर चढलं. मिस्त्रीने चाक वर-खाली धरून हलवलं. खडखड झाली. "साहेब, ब्रेक दाबा." मी दाबला. खडखड तशीच. ब्रेक दाबल्यावर आवाज गेला तर बेरिंग ढिलं, राहिला तर किंगपिन गेला, असं त्याने गर्दीला समजावलं, आणि गर्दीने ते पाठ केलं. चाक डावं-उजवं हलवल्यावर टायरॉडनेही हजेरी लावली.

"टायर मोठे टाकेल आहेत ना," मालक म्हणाले, "थोडं तं हलीनच."

ते अगदी खरं बोलत होते, आणि तिथेच सगळी गोम होती. मोठ्या टायरचं वजन किंगपिनवर आलं. मोठे टायर घासू नयेत म्हणून गाडी उचलायची, त्यासाठी स्प्रिंगच्या पाट्यांना लांब शिक्कल लावले. समोरच्या शिक्कलमुळे अॅक्सलचा कोन बिघडला आणि स्टेअरिंग स्वतःहून सरळ येईना. गाडी वर गेली तसा प्रॉपेलर शाफ्ट तिरपा झाला आणि त्याचा क्रॉस झिजला. ब्रेकचा होजपाइप मात्र जुन्याच लांबीचा, तो आता ताणून वाजवता येईल इतका तंग. या गाडीत मोडलेलं काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं सुधारलेलं होतं.

मिस्त्रीने हौजिंगचा नट सैल करून बोटावर तेल घेतलं. दूध घातलेल्या चहाचा रंग. "नदीत उतरवली होती?"

"एकदाच," मालक म्हणाले.

मिस्त्रीने चासीच्या आतल्या कडेतून खुरपून मातीही काढली. वरचा थर यावलच्या शेतातली काळी माती, खाली रेती, त्याखाली पुन्हा काळी, पुन्हा रेती. त्याने ती तळहातावर धरून मालकांना दाखवली. मालक सातपुड्याकडे पाहू लागले.

स्टेअरिंग बॉक्सजवळच्या चासीवर तेवढाच वीतभर ताजा काळा रंग होता. मिस्त्रीने तिथे हातोडी वाजवली, मग रंग खरवडला. आत वेल्डिंग. मागच्या पाट्याच्या डाव्या हँगरवर नखाएवढी चीर, तिला अजून रंग मिळायचा होता.

राहिले कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करू देत नाही. पेट्रोलच्या जागी बसवलेल्या डिझेल इंजिनाची नोंद पुस्तकात होती. बाकीची?

"नोंद कशाले?" मालक मनापासून चकित झाले. "दिसून तं राह्यलं."

जेवायला त्यांनी सोडलं नाही. बामणोदची हिरवी वांगी, काड्यांवर भाजलेली, भरपूर कच्चं तेल आणि पातीचा कांदा. कळण्याच्या पुऱ्या. भरीत खाताना मिस्त्रीने दुरुस्तीची यादी वाचली. ती ऐकून मेहुणा खिन्न व्हायला हवा होता. तो म्हणाला, "म्हणजे इंजिन चांगलं आहे!" इंजिनाबद्दल मिस्त्री फक्त बोलला नव्हता.

आम्ही हात धुऊन आलो तर मालक आमच्या गाडीखाली. शोरूमची, चकचकीत, हप्ते चालू असलेली गाडी. त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि सकाळची तीच गर्दी आता इकडे वाकली होती.

"भाऊ, डावा शॉकअप गळून राह्यला. बुश तं शोधा लागतीन. या पायानं नाशिक?"

ती गाडी दिवाळीआधी मिस्त्रीनेच पाहिली होती. तो खाली शिरला, बराच वेळ खालीच राहिला, आणि वर आला तेव्हा जळगावहून सामान मागवावं लागेल म्हणाला.

त्यामुळे संध्याकाळी भुसावळच्या गाडीसाठी आम्हाला सोडायला जोंगाच निघाला. मेहुणा धावत जाऊन मालकांशेजारी बसला. मी पुढे सरकलो. मिस्त्री हौद्यात चढला आणि काही न बोलता उजव्या बाजूला बसला, कारण डावीकडच्या हँगरवरची चीर त्याने स्वतः पाहिली होती.