नामानिराळ्या कागदवाल्यांस

प्रति,
संचालक मंडळ, एशिया पल्प अँड पेपर,
सिनार मास समूह, जकार्ता

महोदय,

2023 साली अलिबाग तालुक्यातल्या धेरंडची सुमारे 287 हेक्टर जमीन एमआयडीसीने तुमच्या समूहाच्या कंपनीला देऊ केली. 20 हजार कोटींच्या कागद प्रकल्पाची घोषणा झाली, गुंतवणुकीचे नि रोजगाराचे आकडे छापून आले. तुम्ही आजवरचा कागद कुठल्या लाकडाचा केलात, हा प्रश्न मात्र त्या गडबडीत राहून गेला. तो इथे विचारतो.

इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर रिआऊ प्रांतात तुम्ही आधी गिरण्या उभारल्या आणि झाडांचे नंतर पाहिले. लगद्यासाठी लावलेला अकेशिया तोडणीला यायला पाच-सात वर्षे लागतात. तुमच्या यंत्रांना रोज लाकूड लागत होते. मधली तूट उभ्या जंगलाने भरली. 2001 मध्ये सुमारे 14 अब्ज डॉलरांच्या कर्जाची फेड तुम्ही थांबवलीत. यंत्रे थांबवली नाहीत. अखेर 2007 मध्ये एफएससी या जंगल-प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेनेच तुमच्याशी संबंध तोडले.

2011 साली ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने बार्बी बाहुलीच्या खोक्याचा पुठ्ठा प्रयोगशाळेत तपासून घेतला. लागवडीच्या अकेशियाचे तंतू एका जातीचे असतात. रान तोडून केलेल्या लगद्यात अनेक जातींची सरमिसळ सूक्ष्मदर्शकाखाली उघड दिसते. पुठ्ठ्यात ती सरमिसळ निघाली. कागद कितीही शुभ्र केलात तरी त्यातली रानझाडे पुसता येत नाहीत, हे तेव्हा तुम्हालाही कळले असेल. पुढच्याच वर्षी रिआऊतल्या पेरावांगच्या तुमच्या गिरणीच्या लाकूडतळावर रामिन या रानझाडाचे ओंडके सापडल्याचे ग्रीनपीसने चित्रफितीसह दाखवले. रामिन तोडायला इंडोनेशियात 2001 पासून बंदी होती.

मोठमोठी गिऱ्हाइके पाठ फिरवू लागली, तेव्हा फेब्रुवारी 2013 मध्ये तुम्ही जाहीर केलेत की यापुढे नैसर्गिक जंगलाला हात लावणार नाही. ही घोषणा आधीच्या पंचवीस वर्षांत का सुचली नाही? जंगल तेव्हाही तिथेच होते. त्यातले वाघ, त्यातली माणसेही तिथेच होती. बदलले ते फक्त गिऱ्हाईक.

आणि 2015 मध्ये सुमात्रा नि बोर्निओ पेटले. ही आग कशी लागते हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही. तिथली दलदल म्हणजे हजारो वर्षांचा अर्धवट कुजलेला पालापाचोळा, काही ठिकाणी कित्येक मीटर खोल. इंग्रजीत तिला पीट म्हणतात. पाण्याखाली असते तोवर ती कार्बन धरून ठेवते. लागवडीसाठी त्यात चर खणले, पाणी काढून दिले, की ती वाळते. मग एक ठिणगी पुरते, आणि जमिनीखाली धुमसणारी आग आठवडेच्या आठवडे विझत नाही. त्या वर्षी इंडोनेशियात सुमारे 26 लाख हेक्टर जळाले. जागतिक बँकेने नुकसान 16 अब्ज डॉलरांचे मांडले; धुराने गुदमरलेल्या लेकरांचा हिशेब त्यात पुरता बसणारा नव्हे. या धुरापायी सिंगापूर सरकारने तुम्हाला नोटीस धाडली, तिथल्या फेअरप्राइस दुकानांनी तुमचा माल फळ्यांवरून उतरवला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत जांबी प्रांतात तुमच्या समूहाला लाकूड देणाऱ्या कंपनीच्या लागवडीवर सुरक्षारक्षकांनी एका तरुण शेतकरी कार्यकर्त्याला मारून टाकले. रक्षक कंत्राटदाराचे होते. ते कंत्राट तहकूब झाले.

तुमची रीत इथेच सगळी दिसते. काठी कंत्राटदाराची, तोड पुरवठादाराची, आग कोणा अज्ञाताची. लगदा तेवढा तुमचा. 2017 च्या डिसेंबरात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने कंपन्यांचे दप्तर तपासून दाखवले की ज्या 27 पुरवठादारांना तुम्ही ‘स्वतंत्र’ म्हणत होता, त्यांतल्या बहुतेकांचे धागे सिनार मासपर्यंतच पोचतात. काहींच्या मालकांत तर तुमच्याच समूहाचे कर्मचारी निघाले. पुढच्या मे महिन्यात, तुमच्याशी जोडलेल्या दोन कंपन्यांच्या क्षेत्रात 2013 नंतर जवळपास 8 हजार हेक्टर जंगल आणि पीटजमीन साफ केल्याचे सांगून ग्रीनपीसने तुमच्याबरोबरचे काम थांबवले. मधल्या काळात, 2016 मध्ये, दक्षिण सुमात्रात तुम्ही वर्षाला 20 लाख टन लगद्याची ओकेआय गिरणी सुरू केली होती. म्हणजे पुन्हा यंत्राची भूक आधी वाढवलीत.

कागद आम्हालाही हवाच आहे. दिवाळी अंक, शाळेच्या वह्या, कोर्टाची दप्तरे, सगळे त्यावरच चालते. म्हणून तर तो कुठून येतो हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे.

धेरंडला येणार असाल तर लगद्याच्या प्रत्येक जहाजाबरोबर लाकूड कुठल्या जमिनीवरचे, तिचा खरा मालक कोण आणि ती पीटवर आहे का, हे जाहीर करा. जमिनींचे नकाशे कोणालाही पाहता येतील असे खुले ठेवा. तंतूंची तपासणी तुमच्या पगारावर नसलेल्या प्रयोगशाळेकडून होऊ द्या. पुरवठादार चुकला तर दोष तुमचा, हे धेरंडच्या करारातच लिहून द्या. आणि सुमात्रात तुम्ही खणलेले चर बुजवून दलदलीत पाणी परत येईपर्यंत ‘जंगलस्नेही’ हा शब्द तुमच्या एकाही रीमवर छापू नका.

कळावे,
मराठी पुस्तकांचा एक वाचक